रिमिनीला एक मुक्काम वाढवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुटीचे दिवस जवळ आले की आपल्या दैनिकात युरोप सहलींच्या जाहिराती सुरू होतात. बेळगाव, निपाणी, खानापूर, अगदी चंदगड भागातूनही आता माणसे या सहलींना जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण काही सहलींच्या कार्यक्रमपत्रिका बारकाईने वाचल्या तर रोम आणि व्हेनिसच्या मध्ये एक ओळ दिसते : ‘रिमिनी येथे रात्रीचा मुक्काम’. बस अंधार पडता पडता पोचते, जेवण होते आणि सकाळी सातला बॅगा खाली. फार तर किनाऱ्यावर अर्धा तास मिळतो. दोन हजार वर्षांचे शहर रेल्वे स्टेशनपासून दहा मिनिटांवर असते, ते तसेच राहून जाते. आणि बेळगावच्या माणसाने चुकवू नये अशी जी एक जागा तिथे आहे, तिचा उल्लेख एकाही पत्रिकेत आमच्या पाहण्यात नाही. तेव्हा या गावात काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कुठे फसगत होते, हे वाचकांसमोर यावे म्हणून हे पत्र.

गावाची रचना आधी ध्यानात घ्यावी. रेल्वेरूळ रिमिनीचे दोन भाग करतात. रुळांच्या समुद्राकडच्या बाजूला हॉटेले, आइस्क्रीमची दुकाने आणि पंधरा किलोमीटर लांबीचा वाळूचा पट्टा, तर दुसऱ्या बाजूला जुने शहर. मुक्कामाचे हॉटेल नेहमी समुद्राच्या बाजूलाच असते, म्हणून नवख्या माणसाला तेवढेच गाव वाटते. रोमनांनी इथे इसवी सनपूर्व २६८ मध्ये वसाहत केली, तिचे नाव अरिमिनम. समुद्रस्नानाची पहिली सोय झाली ती १८४३ मध्ये. म्हणजे ज्या किनाऱ्यासाठी गाव ओळखले जाते तो धंदा जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा आहे.

दुसरी गोष्ट दिशेची. आपल्याला समुद्र ठाऊक आहे तो गोव्याचा नाहीतर वेंगुर्ल्याचा, तिथे सूर्य पाण्यात बुडतो. रिमिनीचा किनारा ईशान्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिथे सूर्य पाण्यातून वर येतो आणि मावळतो मागच्या डोंगरांआड. सूर्यास्त पाहायला म्हणून संध्याकाळी किनाऱ्यावर गेलेली मंडळी रिकाम्या हाताने परततात. जून-जुलैत पहाटे साडेपाचच्या सुमारास किनाऱ्यावर जावे. तेव्हा छत्र्या मिटलेल्या असतात, वाळू नुकती सारखी केलेली असते आणि गर्दी नसते. संध्याकाळ शहरासाठी ठेवावी; उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो.

किनाऱ्याचीही एक रीत आहे. वाळूचा बहुतेक भाग ठेक्याने दिलेला आहे. प्रत्येक ठेक्याला ‘बान्यो’ म्हणतात आणि त्याला क्रमांक असतो. छत्री आणि आडवे व्हायची खाट दिवसाच्या भाड्याने मिळते, पाण्याजवळची पहिली रांग सगळ्यांत महाग. भाडे न देता कोणाच्या छत्रीखाली टेकलात तर उठवतात आणि मग वाद होतो. पाण्यालगतची पाच मीटरची पट्टी मात्र कायद्याने सगळ्यांना ये-जा करायला मोकळी आहे. तिथून कितीही चालावे, पण चादर अंथरून बसू नये. फुकट बसायचे तर ‘स्पियाज्जा लिबेरा’ अशी पाटी शोधावी, बंदराच्या धक्क्याजवळ असा एक तुकडा आहे. पाणी बरेच आतपर्यंत उथळ आहे, भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे लहान मुलांना बरे. धोका आहे तो किनाऱ्याला समांतर टाकलेल्या दगडी बांधांचा. दगड शेवाळाने निसरडे असतात आणि त्यांच्या कडेला पाणी एकदम खोल होते, म्हणून त्यांवर चढू नये. लाल बावटा लागला की पाण्यात उतरायचे नाही. वाळूवर फिरून नामांकित कंपन्यांच्या नकली पर्स आणि गॉगल विकणाऱ्यांकडून काही घेऊ नये. इटलीत विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होतो.

आता शहर. सुरुवात रोमन सम्राट ऑगस्टसच्या कमानीपासून करावी. इसवी सनपूर्व २७ मध्ये ती बांधली. रोमहून निघालेला फ्लामिनिया रस्ता इथे संपतो. कमानीची रुंदी पाहून घ्या, जवळजवळ नऊ मीटर. एवढ्या रुंद तोंडाला दरवाजा बसतच नाही, आणि तो बसवायचाही नव्हता : यादवी संपली, आता वेस बंद करण्याचे कारण उरले नाही, हे सांगण्यासाठीच ती तशी ठेवली. वरच्या बाजूला दिसतात ते किल्ल्यासारखे कंगोरे मध्ययुगातले, रोमन नव्हेत. कमानीला लागून पूर्वी तटबंदी होती, ती गेल्या शतकात पाडली. म्हणून आज कमान एकटीच उभी दिसते.

कमानीतून सरळ निघालेला रस्ता म्हणजे कोर्सो द'अगुस्तो. हाच रस्ता दुसऱ्या टोकाला ऑगस्टसनंतरचा सम्राट तिबेरियस याच्या पुलावर जाऊन लागतो. रमतगमत वीस मिनिटांची चाल, आणि पाहण्यासारखे सगळे या एका रेघेवर नाहीतर तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. गाडीची गरज नाही. शिवाय जुन्या शहरात परवान्याशिवाय बाहेरची गाडी नेता येत नाही. तिथे कॅमेरे आहेत आणि भाड्याच्या गाडीचा दंड महिन्या-दोन महिन्यांनी घरपोच येतो.

वाटेत पहिला चौक लागतो त्रे मार्तिरी. रोमनांचा बाजारचौक हाच. इसवी सनपूर्व ४९ मध्ये रुबिकॉन नदी ओलांडून रोमन सेनापती सीझर अरिमिनममध्ये आला, त्याच्या आठवणीचा ब्राँझचा पुतळा इथे आहे. पण चौकाचे नाव सीझरवरून नाही. १६ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मनांनी तीन तरुण क्रांतिकारकांना इथे फाशी दिले, त्या तीन हुतात्म्यांचा हा चौक. आपल्याकडे हुतात्मा चौकातून जाताना पावले जशी थबकतात तशी इथेही थबकावीत.

चौकापासून समुद्राच्या दिशेने वळले की मालातेस्ता मंदिर, म्हणजे गावचे मुख्य चर्च. इथे थोडे रेंगाळायला हवे. सिगिस्मोंदो मालातेस्ता हा इथला सरदार. त्याने १४५० च्या सुमारास जुन्या फ्रान्सिस्कन चर्चला बाहेरून संगमरवरी आणि दगडी कवच चढवायचे काम वास्तुविशारद लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीकडे दिले. सिगिस्मोंदोचा पोपशी झगडा झाला, पैसा आटला आणि काम अर्ध्यावर राहिले. समोर उभे राहून वर पाहिले की दर्शनी भिंतीचा वरचा भाग तुटल्यासारखा दिसतो. ती पडझड नव्हे, तिथवर बांधकाम पोचलेच नाही. घुमटही नियोजित होता, तो कधी झाला नाही.

आत गेल्यावर खांबांच्या पायाशी पाहा, हत्ती आहेत. आपल्या देवळांत जोत्याला हत्तींची रांग असते तसे पाठीवर भार घेऊन उभे असलेले, काळ्या दगडाचे. हत्ती हे मालातेस्ता घराण्याचे चिन्ह. युरोपातल्या चर्चमध्ये हत्ती पाहून आपली माणसे चकित होतात, आणि नेमके तेच सांगायला कोणी नसते. ग्रहांच्या देवळीत शिल्पकार आगोस्तिनो दी दुच्चोने राशी कोरल्या आहेत. त्यातली कर्क रास शोधा : एक भलामोठा खेकडा आकाशात पसरला आहे आणि त्याच्या खाली रिमिनी गाव, समुद्रासकट. खेकड्याच्या नांग्या आणि पायांचे सांधे इतके बारकाईने काढले आहेत की कोरणाऱ्याने खेकडा हातात धरून पाहिला असणार. चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काचे १४५१ चे भित्तिचित्र इथे आहे, त्यात सिगिस्मोंदो गुडघे टेकून बसला आहे. आणि चित्रकार जोत्तोने रंगवलेला क्रूसही. प्रवेशाला पैसे नाहीत, मात्र खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. किनाऱ्यावरून अर्ध्या चड्डीत आलेल्यांना परत पाठवतात. दुपारी साधारण बारा ते साडेतीन दार बंद असते. प्रार्थना चालू असताना फिरू नये.

पुढचा चौक कावूर. तिथल्या पिन्या कारंज्याजवळ शांत उभे राहावे आणि पाण्याचा आवाज ऐकावा. लिओनार्दो दा विंची १५०२ च्या ऑगस्टमध्ये इथून गेला, तेव्हा वेगवेगळ्या उंचीवरून पडणाऱ्या धारांमधून सूर तयार होतात असे त्याने आपल्या वहीत टिपून ठेवले. कारंज्यासमोर अठराव्या शतकातला जुना मासळीबाजार आहे. दगडी ओटे, वर कमानी. आपल्या मासळीबाजारातले ओटे आठवले तर हे काय आहे ते सांगावे लागत नाही. बाजूचे गाल्ली नाट्यगृह १८५७ मध्ये संगीतकार व्हेर्दीच्या ऑपेराने उघडले, १९४३ च्या बाँबहल्ल्यात कोसळले आणि थेट २०१८ मध्ये पुन्हा उघडले. मागे सिगिस्मोंदोचा किल्ला आहे. त्यात २०२१ पासून चित्रपट दिग्दर्शक फेदेरिको फेलिनीचे संग्रहालय आहे. फेलिनीचा जन्म याच गावातला, १९२० चा. सिनेमाची आवड असेल तर दोन तास द्या, नसेल तर बाहेरून किल्ला पाहून पुढे चला.

कारण पुढे वैद्याचे घर आहे, आणि ते अधिक मोलाचे. पियाझ्झा फेर्रारी या बागेत १९८९ मध्ये खोदकाम करताना एक रोमन घर सापडले. तिसऱ्या शतकात आगीत ते कोसळले आणि घरातले सामान ढिगाऱ्याखाली जागच्या जागी राहिले. भिंतीवर खरवडलेल्या अक्षरांवरून तिथे एउतिकेस नावाचा वैद्य राहत असावा असे मानतात. शस्त्रक्रियेची दीडशेहून अधिक हत्यारे तिथे मिळाली : चिमटे, सुऱ्यांच्या मुठी, दात उपटायचे पक्कड, शरीरात रुतलेले बाणाचे टोक काढायचा चमचा. पावलाच्या आकाराचे एक मातीचे भांडेही आहे, त्यात गरम पाणी किंवा तेल भरून दुखऱ्या पायाला शेक द्यायचा. इथेच पर्यटक चुकतात. काचेच्या छताखालच्या घरात फक्त भिंती आणि मोझेइकच्या फरश्या आहेत. हत्यारे शेजारच्या नगर संग्रहालयात ठेवली आहेत. तिकीट दोन्हींचे एकच. घर पाहून ‘एवढेच?’ म्हणत परतणारे लोक अर्धे तिकीट वाया घालवतात. आधी संग्रहालय पाहावे, मग घर, म्हणजे कोणत्या खोलीत काय चालत होते ते कळते. सोमवारी संग्रहालय बंद असते. सहलीचा मुक्काम सोमवारी असेल तर वार बदलून मागा.

शेवटी तिबेरियसचा पूल. ऑगस्टसच्या काळात इसवी सन १४ मध्ये काम सुरू झाले, तिबेरियसच्या काळात २१ मध्ये संपले. पाच कमानी, इस्त्रियाचा पांढरा दगड. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी तो उडवायचा प्रयत्न केला, पण पूल पडला नाही. अलीकडेपर्यंत त्यावरून मोटारी जात होत्या, आता फक्त पायी जाता येते. पूल सैतानाने एका रात्रीत बांधला अशी गावकथा आहे. आपल्याकडे हे श्रेय पांडवांना मिळते. पुलावरून पलीकडे गेले की बोर्गो सान जुलियानो, कोळ्यांची जुनी वस्ती. बुटकी रंगीत घरे, भिंतींवर फेलिनीच्या चित्रपटांतली पात्रे रंगवलेली. फोटो काढावेत, पण ही घरे राहती आहेत, खिडकीत डोकावू नये.

खाण्याचे एक सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या भागातले बरेच प्रवासी शाकाहारी असतात. इथली ओळख म्हणजे पियादिना, गव्हाच्या पिठाची जाडसर पोळी, तव्यावर भाजून आत चीज आणि रुकोला नावाची तिखटसर पालेभाजी घालून दुमडलेली. जुन्या पद्धतीत ती मातीच्या तव्यावर, म्हणजे आपल्या खापरीवर भाजत. दिसायला निर्दोष शाकाहारी. पण पारंपरिक कणकेत डुकराची चरबी मळलेली असते, तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. म्हणून ‘चीजवाली द्या’ एवढे सांगून भागत नाही. ‘सेन्झा स्त्रुत्तो, आल ओलियो’ म्हणजे चरबीविना, तेलातली, असे विचारावे. बहुतेक दुकानांत ती वेगळी मिळते. हॉटेलात टेबलावर बसण्याचे ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो बिलात येतात, ती फसवणूक नव्हे. मुक्कामाचा नगरपालिकेचा करही हॉटेलात वेगळा भरावा लागतो.

स्वतंत्रपणे येणाऱ्यांनी बोलोन्याहून रेल्वे घ्यावी. जलद गाडीला तास, साध्या गाडीला दीड तासाच्या आसपास. साध्या गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारूनच गाडीत चढावे. तिकीट खिशात असून दंड भरणारे बहुतेक इथेच सापडतात. १५ ऑगस्टच्या आगेमागे खोली मिळत नाही आणि हिवाळ्यात किनाऱ्यावरची पुष्कळ हॉटेले बंद असतात. मे अखेर ते जून मध्य, नाहीतर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, हे दिवस उत्तम.

आता ज्या जागेसाठी मुख्यतः हे पत्र लिहिले, तिच्याकडे येतो. रिमिनीहून सान मारिनो या शेजारच्या चिमुकल्या देशाकडे जाणाऱ्या ७२ क्रमांकाच्या हमरस्त्यालगत, शहरापासून थोड्याच किलोमीटरवर, रिमिनी गुरखा युद्ध दफनभूमी आहे. ६१८ कबरी, आणि शेजारी दहन झालेल्या १७२ भारतीय सैनिकांचे स्मारक. सान मारिनोच्या लढाईत १८-१९ सप्टेंबर १९४४ रोजी जखमी साथीदारांना वाचवताना पडलेला, नववी गुरखा रायफल्सचा, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी शेरबहादूर थापा इथेच विसावला आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, त्यातले ५,७८२ परतले नाहीत. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातल्यांचे, आणि त्यातले दोन मराठ्यांचे.

बेळगावला हे दोघे परके नाहीत. कॅम्पातले मराठा सेंटर १९२२ पासून इथे आहे, त्याच रेजिमेंटचे हे जवान. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात पडले. मोन्तोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे छायाघड्याळाचे स्मारक झाले. शिपाई नामदेव जाधव यांचा पराक्रम रिमिनीपासून गाडीने साधारण तासाभरावरच्या सेनियो नदीवरचा, ९ एप्रिल १९४५ चा. त्यांनी जखमी कंपनी कमांडरला उचलून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेले, परत येऊन दुसऱ्या जखमीलाही नेले. मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. सेनियोचे ते उंच मातीचे बांध आजही आहेत. व्हेनिसच्या वाटेवर बस तिथून फार लांब जात नाही.

ज्यांच्या घरातले आजोबा-पणजोबा ‘इटलीत गेले ते आलेच नाहीत’ एवढेच माहीत आहे, त्यांनी जाण्याआधी नाव शोधून ठेवावे. राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. मात्र रेजिमेंटचे नाव त्या काळच्या रोमन स्पेलिंगने घालावे, एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आजचे स्पेलिंग घातले की काहीच सापडत नाही. आडनाव कित्येकदा वेगळेच लिहिलेले असते, किंवा नसतेच. तेव्हा पहिले नाव, देश इटली आणि साल एवढेच घालून यादी काढावी आणि वडिलांचे नाव, गाव, तालुका ताडून पाहावा. नोंदीत बहुधा तो दिलेला असतो. गुरखे सोडले तर बहुतेक हिंदू सैनिकांचे दहन झाले, त्यामुळे कबर शोधण्याऐवजी ब्राँझच्या पाट्यांवरची नावे वाचावीत. नाव रिमिनीत नसेल तर फोर्लीत पाहावे. तिथे रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोचता येते, आणि शहराबाहेरच्या दफनभूमीत सुमारे आठशे भारतीयांचे दहन स्मारक आहे. ज्यांचा मागच लागला नाही त्यांची नावे रोमच्या दक्षिणेकडच्या कासिनो गावातल्या स्मारकावर आहेत; घाडगे यांचे नाव तिथेच आहे. दफनभूमीत भेटवही ठेवलेली असते. तिच्यात नाव-गाव मराठीत लिहावे, चालते.

सहल आयोजकांना आमची विनंती आहे : रिमिनीचा मुक्काम एकऐवजी दोन रात्रींचा करा. पहिल्या सकाळी किनारा, दुपारनंतर कमान ते पूल. दुसऱ्या सकाळी सान मारिनोला जाताना दफनभूमीपाशी बस अर्धा तास थांबवा. रस्ता तोच आहे, वळसा पडत नाही. आणि आपण, संपादक महोदय, सुटीच्या पुरवणीत हा तपशील छापलात तर जाणाऱ्यांना तो कात्रण म्हणून खिशात ठेवता येईल. दफनभूमीवर वाहायची फुले बेळगावहून नेऊ नयेत, ताजी फुले विमानतळावर अडवतात. रिमिनीच्या चौकात ताजी मिळतात.

आपले नम्र,
प्रवास-मार्गदर्शनाचे काम करणारे काही वाचक,
टिळकवाडी, बेळगाव